कलांना शासकीय अर्थसाहाय्य : हिंगोली जिल्हा

संगीत, नाट्य, नृत्य, साहित्य, लोककला इत्यादींच्या जोपासनेसाठी शासनाने सार्वजनिक निधीतून दिलेले द्रव्यसाहाय्य. यात संस्थांना दिलेली अनुदाने, वृद्ध कलावंतांचे मानधन, शिष्यवृत्त्या, पुरस्कार, स्पर्धा व महोत्सव यांवरील खर्च, ग्रंथप्रकाशन, तसेच नाट्यगृहे, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये व स्मारके यांवरील भांडवली खर्च यांचा समावेश होतो. शासन आपल्या योजनांच्या प्रचारासाठी कलापथकांचे कार्यक्रम करवून घेते व त्यांचा मोबदला देते. परंतु ते काटेकोर अर्थाने साहाय्य नसून सेवेची खरेदी असते. अशा साहाय्याचा खरा कस राजधानीपेक्षा लहान जिल्ह्यात लागतो. तेथे कलावंत बहुधा शेतकरी किंवा शेतमजूर असतो, कला पिढीजात तोंडी परंपरेने चालत आलेली असते आणि शासनाला आवश्यक वाटणारा लेखी पुरावा तिच्यापाशी क्वचितच असतो. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण होय.

पूर्वपीठिका : आधुनिक अनुदानपद्धती येण्यापूर्वी कलांना आश्रय देणारे तीन घटक होते : राजसत्ता, धर्मसंस्था व गावगाडा. हिंगोली परिसरात या तिन्हींच्या खुणा आढळतात. औंढा नागनाथ येथील यादवकालीन शिल्पसमृद्ध मंदिर हे राजाश्रयाचे उदाहरण होय. नंतरच्या पडझडीनंतर अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचे सांगितले जाते. धर्मसंस्थेचा आश्रय देवस्थानांची इनामे, मठ, यात्रा व उरूस यांच्या द्वारा मिळे. गोंधळी, वासुदेव, पोतराज, भराडी, बहुरूपी इत्यादींना गावगाड्यात ठरलेले स्थान होते. सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे धान्य, लग्नकार्यातील गोंधळाची दक्षिणा, कीर्तनकाराची बिदागी व तमाशातील दौलतजादा ही या लोकाश्रयाची निरनिराळी रूपे होत. त्यांत लेखी अर्ज नव्हता. कलावंताला गाव ओळखत असे, हाच त्याचा दाखला. मात्र ही व्यवस्था जातिबद्ध होती. कलावंताचे उत्पन्न अनिश्चित असे आणि अनेकदा त्याच्या वाट्याला मानाऐवजी हीनत्व येई, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

ब्रिटिश अंमलात महाराष्ट्राच्या इतर भागांत या आश्रयाचे रूपांतर होऊ लागले. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली व मराठी ग्रंथरचनेस पारितोषिके मिळू लागली. संस्थानिकांपैकी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर हा नाट्यप्रयोग सादर केला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड व कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी संगीत, नाट्य व ग्रंथनिर्मिती यांना मोठे साहाय्य केले. हिंगोली त्या काळी हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात होते आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी होती. संस्थानने १९१४ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन करून अजिंठ्याच्या चित्रांचे जतन करविले. तथापि राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्याने मराठी साहित्य व रंगभूमी यांना तेथे सरकारी आश्रय फारसा लाभला नाही. मराठी ग्रंथालये, व्याख्यानमाला व नाटके ही मुख्यतः लोकवर्गणीवर चालत.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरच्या भूसुधारणांत १९५४ च्या कायद्याने इनामे व रोख अनुदाने नाहीशी करण्यात आली. धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली होती. देवस्थाने त्यामुळे टिकली, परंतु राजसत्तेने व्यक्तीला दिलेल्या इनामावर निर्वाह चालण्याचे दिवस संपले. गावगाड्यातील धान्यरूप मोबदलाही पुढील काही दशकांत रोख मजुरीच्या प्रसाराबरोबर आटत गेला. जुना आश्रय संपणे आणि नवा आश्रय मिळणे यांत अंतर पडले, ते मराठवाड्यात अधिक होते. राज्य नाट्यस्पर्धा व वृद्ध साहित्यिक-कलावंतांचे मानधन या दोन्ही योजना १९५४-५५ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्यात सुरू झाल्या. मराठवाडा त्या राज्यात १ नोव्हेंबर १९५६ रोजी समाविष्ट झाला. म्हणजे या योजनांच्या आरंभकाळी हिंगोलीचा कलावंत त्यांच्या कक्षेबाहेरच होता.

घटनात्मक व संस्थात्मक चौकट : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत नाट्यगृहे, नाट्यप्रयोग व करमणूक हे विषय राज्यसूचीत (क्र. ३३) आहेत. ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली प्राचीन स्मारके यांचाही त्याच सूचीत (क्र. १२) समावेश होतो. त्यामुळे कलांच्या साहाय्याची प्राथमिक जबाबदारी राज्याची ठरते. अनुच्छेद २८२ नुसार केंद्र व राज्य या दोहोंना कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देता येते. केंद्राच्या सांस्कृतिक योजनांना यामुळे वाव मिळतो. अनुच्छेद २९ अन्वये प्रत्येक समाजगटाला आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क आहे; मात्र त्यासाठी द्रव्यसाहाय्य मागण्याचा हक्क त्यातून उत्पन्न होत नाही. कलावंताला मिळणारे साहाय्य हे हक्क नसून योजना असते आणि योजनेच्या अटी शासन बदलू शकते.

कलांना शासनाने पैसा द्यावा, पण कलेविषयीचे निर्णय तज्ञांनी घ्यावेत, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांत रूढ झाले. ग्रेट ब्रिटनमधील कला परिषद (१९४६) या तत्त्वाचे ठळक उदाहरण होय. फ्रान्सने १९५९ मध्ये आंद्रे मालरो यांच्याकडे स्वतंत्र सांस्कृतिक मंत्रालय सोपवून थेट शासकीय नेतृत्वाचा मार्ग पत्करला, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६५ मध्ये कलांसाठी राष्ट्रीय निधी स्थापन झाला. भारताने स्वायत्त अकादमींचा मार्ग निवडला. संगीत नाटक अकादमीचे उद्‌घाटन जानेवारी १९५३ मध्ये, तर साहित्य अकादमी व ललित कला अकादमी यांचे १९५४ मध्ये झाले. या संस्थांच्या कार्याचे परीक्षण करणाऱ्या खोसला (१९७२) व हक्सर (१९९०) समित्यांच्या अहवालांनंतरही अकादमींच्या स्वायत्ततेची व्याप्ती हा चर्चेचा विषय राहिला. १९८०–९० या दशकाच्या मध्यास क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन झाली. महाराष्ट्र हे नागपूरच्या दक्षिण-मध्य व उदयपूरच्या पश्चिम क्षेत्रीय केंद्राचे सदस्य-राज्य आहे.

महाराष्ट्रात साहित्य व संशोधन यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. विश्वकोशाचे कार्य १९८० मध्ये त्यातून वेगळे करण्यात आले. प्रयोगक्षम कलांचे काम सांस्कृतिक कार्य संचालनालय पाहते. नाट्यप्रयोगांच्या संहिता तपासणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ हेही शासनाचेच अंग आहे. यामुळे साहाय्य करणारा आणि परवानगी देणारा या दोन्ही भूमिका शासनाकडे येतात. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यावर आधारलेले सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये जाहीर झाले. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा फेरविचार केल्यानंतर २०२४ मध्ये सुधारित धोरणास मान्यता मिळाली.

जिल्ह्याची सांस्कृतिक पार्श्वभूमी : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सु. ८५ टक्के ग्रामीण आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) परंपरेने मानलेले जन्मस्थान नर्सी हे हिंगोली तालुक्यात आहे. त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचा संबंध औंढा नागनाथाशी जोडला जातो. नामदेवांनी कीर्तनाची परंपरा महाराष्ट्रातून पंजाबपर्यंत नेली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि या दुव्यामुळेच २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबमधील घुमान येथे भरले. जिल्ह्यात वारकरी कीर्तन व भजन ही सर्वांत व्यापक कला होय. टाळ, पखवाज, वीणा व पेटी एवढ्या साहित्यावर गावोगावची भजनी मंडळे चालतात. संबळ-तुणतुण्याच्या साथीचा गोंधळ, भारूड, पोवाडा, बंजारा व आंध समाजांची गीतनृत्ये, कळमनुरीच्या नूरी बाबांच्या दर्ग्याचा उरूस आणि हिंगोली शहरातील एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला दसरा महोत्सव यांनी हे सांस्कृतिक जीवन बहुरंगी बनविले आहे. यांपैकी बहुतेक कलांचा मुख्य आधार आजही लोकाश्रयच आहे.

शासकीय साहाय्याचे एक महत्त्वाचे, पण सहसा लक्षात न येणारे रूप म्हणजे ग्रंथप्रकाशन. मुंबई शासनाने १९५० मध्ये तुकारामांची गाथा प्रसिद्ध केली होती. त्याच धर्तीवर महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये श्रीनामदेव गाथा प्रसिद्ध केली. ज्या वर्षी ही गाथा निघाली, त्या वर्षी नर्सीतील भजनी मंडळाला पखवाजाच्या पुडीसाठी अनुदान देणारी योजना मात्र नव्हती. संहितेच्या जतनाकडे शासन लवकर वळले. प्रयोगाच्या जतनाकडे उशिरा वळले.

वृद्ध कलावंतांचे मानधन : जिल्ह्यातील सामान्य कलावंतापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारी ही प्रमुख योजना होय. १९५४-५५ पासून चालू असलेल्या या योजनेत राष्ट्रीय, राज्य व स्थानिक पातळीच्या कलावंतांचे अनुक्रमे अ, ब व क असे वर्ग होते आणि मानधनही वेगवेगळे होते. अखेरच्या काळात ते दरमहा अनुक्रमे ३,१५०, २,७०० व २,२५० रु. होते. ग्रामीण कलावंत साहजिकच बहुधा क वर्गात मोडत. मार्च २०२४ मध्ये योजनेस ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ असे नाव देण्यात आले, वर्गवारी काढून टाकण्यात आली व सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रु. मानधन ठरले. वयाची ५० वर्षे (अपंगांच्या बाबतीत ४०) पूर्ण झालेली असणे, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षे कार्य असणे आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत असणे या तिच्या मुख्य अटी होत. लाभार्थीच्या मृत्यूनंतर त्याच्या पती अथवा पत्नीस मानधन चालू राहते. निवड जिल्हास्तरीय समिती करते आणि दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १०० नवे लाभार्थी निवडता येतात.

जिल्हावार समान संख्येचा हा नियम लहान जिल्ह्यांना लाभदायक आहे. २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती, म्हणजे हिंगोलीच्या आठपट; परंतु दोहोंची वार्षिक संख्या सारखीच आहे. १९९९ पूर्वी हिंगोलीच्या कलावंताला अविभक्त परभणी जिल्ह्यातील अर्जदारांबरोबर स्पर्धा करावी लागे. प्रशासकीय विभाजनामुळे हिंगोलीला स्वतंत्र वाटा मिळाला. जिल्हा-निर्मितीचा हा सांस्कृतिक परिणाम सहसा नोंदला जात नाही. १०० व्यक्तींचे एका वर्षाचे मानधन ६० लाख रु. होते. ही रक्कम इमारतीच्या एखाद्या कामाच्या तुलनेत लहान असली, तरी ती १०० घरांत थेट पोहोचते.

केंद्र शासनाच्या कला संस्कृती विकास योजनेतही वृद्ध कलावंतांसाठी दरमहा ६,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. त्यासाठी वय ६० वर्षांहून अधिक आणि वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते. कलावंतास राज्याकडून किमान ५०० रु. मासिक मानधन मिळत असावे, अशीही अट आहे. परिणामी जिल्हा समितीने ज्याला कलावंत मानले नाही, त्याला केंद्राचा दरवाजाही बंद राहतो. एका पातळीवरील निर्णयाचे परिणाम दोन पातळ्यांवर होतात. म्हणून जिल्हा समितीची रचना, तिच्या बैठकांची नियमितता व तिच्या सदस्यांचे लोककलांचे ज्ञान यांना विशेष महत्त्व येते. समितीची बैठक लांबली, तर त्या वर्षीची निवडही लांबते आणि उतारवयातील अर्जदाराच्या दृष्टीने हा विलंब भरून न येणारा असतो.

संस्था व पथकांना अनुदान : दुसरा प्रकार चालू कलाकार्याला मिळणाऱ्या साहाय्याचा होय. राज्याच्या प्रयोगात्मक कलांसाठीच्या योजनेत ढोलकी फडाचे तमाशे, संगीतबारी, खडीगंमत, शाहिरी, दशावतार इत्यादींना भांडवली खर्चासाठी व प्रयोगांसाठी अनुदान मिळते. या यादीतील दशावतार कोकणचा, तर खडीगंमत विदर्भातील होय. हिंगोलीच्या दृष्टीने शाहिरी हा त्यांतला जवळचा प्रकार आहे. गोंधळ व भारूड करणारी पथके बहुधा कुटुंबापुरती किंवा नातेवाइकांपुरती असतात. ती फडासारखी व्यावसायिक संस्था नसतात. त्यामुळे फडाच्या गरजा समोर ठेवून आखलेली योजना त्यांना सहजी लागू पडत नाही. २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या निमित्ताने राज्यातील १,८०० भजनी मंडळांना वाद्य-साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५,००० रु. देण्याचा निर्णय झाला. एकूण तरतूद साडेचार कोटी रुपयांची होती. कीर्तन-भजनाच्या प्रदेशाला जवळचे असे हे पहिलेच मोठे साहाय्य म्हणता येईल. तथापि राज्यातील गावांची संख्या चाळीस हजारांहून अधिक असल्याने मंडळांची निवड कोणत्या निकषावर होते, हा प्रश्न तेथेही उरतो.

केंद्राच्या योजनेतील गुरू-शिष्य परंपरेसाठीचे साहाय्य तत्त्वतः लोककलांना सर्वाधिक उपयुक्त आहे. त्यात गुरूला दरमहा १५,००० रु. व शिष्यांना वयानुसार २,००० ते १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. एका गुरूमागे जास्तीत जास्त १८ शिष्य असू शकतात. सांस्कृतिक कार्यक्रम व नवनिर्मिती यांसाठी सामान्यतः ५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण ते एकूण खर्चाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा अधिक नसते आणि उर्वरित भार संस्थेला उचलावा लागतो. अशा अनुदानांसाठी संस्थेची नोंदणी, सनदी लेखापालाने तपासलेले हिशेब आणि खर्चानंतरचे उपयोगिता प्रमाणपत्र आवश्यक असते. रक्कम हप्त्यांनी मिळत असल्याने आरंभी पदरचा पैसा घालावा लागतो. हे सर्व शहरी नाट्यसंस्थेला शक्य होते. हंगामात शेतावर राबणाऱ्या गोंधळ्याच्या पथकाला ते अवघड जाते.

हौशी रंगकर्मींना राज्य नाट्यस्पर्धेचा आधार मिळतो. मराठवाड्यात परभणी, नांदेड आदी शहरांतील केंद्रांवर तिची प्राथमिक फेरी होत आली असून लहान गावांतील नाट्यमंडळांना प्रकाशयोजना व नेपथ्य यांसह पूर्ण लांबीचा प्रयोग करण्याचे निमित्त तिच्यामुळे मिळते. आदिवासी समाजांच्या कलांसाठी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र वाट आहे. कळमनुरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था नृत्यस्पर्धा व हस्तकला-प्रदर्शने यांचे आयोजन करते. सार्वजनिक ग्रंथालयांना हैदराबाद राज्याच्या १९५५ च्या व पुढे महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला. अ, ब, क व ड या वर्गांनुसार त्यांना वार्षिक अनुदान दिले जाते. ग्रंथालयांच्या बाबतीत कायदा आहे, म्हणून अनुदानाला सातत्य आहे. प्रयोगक्षम कलांच्या बाबतीत असा कायदा नाही.

वास्तू व यात्रास्थळे : सांस्कृतिक म्हणून गणल्या जाणाऱ्या खर्चाचा मोठा भाग वास्तूंवर होतो. यात्रास्थळांची वर्गवारी करून क वर्गातील स्थळांना जिल्हा नियोजन समितीमार्फत, तर ब वर्गातील स्थळांना ग्रामविकास विभागामार्फत निधी मिळतो. जिल्हा नियोजन समित्यांना १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाचा आधार आहे. औंढा नागनाथ व नर्सी यांसारख्या स्थळी रस्ते, भक्तनिवास, घाट, सभामंडप अशी कामे विकास आराखड्यांतून घेतली जातात. भाविकांच्या सोयींच्या दृष्टीने ती आवश्यक आहेत. परंतु त्यांचा कलेशी संबंध अप्रत्यक्ष असतो. सभामंडप उभारल्याने कीर्तनाला जागा मिळते, कीर्तनकार तयार होत नाही. शासकीय हिशेबपद्धतीत बांधकाम मोजता येते, त्याचे छायाचित्र काढता येते व ते आर्थिक वर्षात पूर्ण करता येते. एखाद्या मुलाने संबळ शिकण्यास लागणारी पाच-सात वर्षे या चौकटीत बसत नाहीत. वास्तूंकडे निधी अधिक वळण्याचे हे एक कारण होय.

मूल्यमापन : मराठवाड्याचा विकास दीर्घकाळ ‘अनुशेष’ या संकल्पनेच्या आधारे मोजला गेला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८४) सिंचन, रस्ते, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य इ. क्षेत्रांतील प्रादेशिक तूट मोजली. कला-संस्कृती हे क्षेत्र त्यात नव्हते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तोवरही या क्षेत्राचा अनुशेष मोजण्याची पद्धत रूढ झाली नाही. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी निधीची मागणीही आकड्यांत मांडता येत नाही. मानधनाची जिल्हावार समान संख्या हा या बाबतीतील एक ठळक अपवाद होय.

साहाय्याच्या वाटपात सर्वांत मोठी अडचण पुराव्याची आहे. मानधनाच्या अर्जाबरोबर वय, रहिवास व उत्पन्न यांचे दाखले आणि कलाकार्याचे पुरावे जोडावे लागतात. आकाशवाणीचे करारपत्र, पुरस्कार, वृत्तपत्रांतील कात्रणे, कार्यक्रमपत्रिका हे पुरावे ज्यांच्याजवळ असतात, ते कलावंत आधीच प्रकाशात आलेले असतात. चाळीस वर्षे जागरण-गोंधळ घालणाऱ्याला कोणी कार्यक्रमपत्रिका छापून देत नाही. ओवी गाणाऱ्या किंवा बंजारा गीते जाणणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते. त्यांची कला घर, शेत व तांडा यांच्याबाहेर क्वचितच येते आणि त्यांच्या नावे स्वतंत्र दाखलाही बहुधा नसतो. दुसरीकडे केवळ स्थानिक शिफारशीवर विसंबल्यास कलेशी संबंध नसलेल्या व्यक्तींची निवड होण्याचा धोका असतो. पुरावा हवा, परंतु तो कलेच्या स्वरूपाशी सुसंगत हवा. समितीसमोर प्रत्यक्ष सादरीकरण, जाणकार कलावंतांकडून गावात जाऊन केलेली पडताळणी आणि लोककलावंतांची तालुकावार नोंदवही हे त्याचे शक्य मार्ग होत.

या नोंदीच्या अभावाची किंमत कोविड-१९ च्या साथीत स्पष्ट झाली. यात्रा, लग्नसमारंभ व उरूस बंद पडल्याने कलावंतांचा लोकाश्रय एकाएकी थांबला. ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने सु. ५६,००० एकल कलावंतांना प्रत्येकी ५,००० रु. एकरकमी साहाय्य देण्याचा निर्णय घेतला. टाळेबंदी सुरू झाल्यापासून त्याला सु. सतरा महिने लागले. कलावंतांची अद्ययावत यादी आधीपासून असती, तर साहाय्य अधिक लवकर पोहोचविता आले असते.

मानधन वृद्धापकाळाचा आधार देते व समाजाने केलेल्या उपेक्षेची अंशतः भरपाई करते; त्याची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु ते कलेच्या अखेरच्या टप्प्यावर मिळते. शिकणाऱ्या मुलाला आणि शिकविण्याची शक्ती असलेल्या मध्यमवयीन कलावंताला साहाय्य मिळाले नाही, तर मानधन घेणारी पिढी हीच त्या कलेची शेवटची पिढी ठरण्याची शक्यता असते. केंद्राची गुरू-शिष्य योजना हे काम करू पाहते, पण तिची वाट नोंदणीकृत संस्थेतून जाते. राज्याची मानधन योजना थेट व्यक्तीपर्यंत पोहोचते, पण तिच्यात शिष्याला स्थान नाही. या दोहोंतील दरी हीच लहान जिल्ह्यांच्या दृष्टीने या व्यवस्थेतील मुख्य उणीव होय. जिल्हा समितीने निवडलेल्या ज्येष्ठ कलावंताकडे दोन-तीन शिष्य ठेवून त्यांना शिष्यवृत्ती देणे, ही दरी भरून काढण्याचा तुलनेने अल्पखर्चाचा उपाय होऊ शकतो.

शासकीय साहाय्य लोकाश्रयाची जागा घेऊ शकत नाही व घेऊ नये, असेही मत मांडले जाते. ते अंशतः खरे आहे : कीर्तन टिकले ते श्रोत्यांमुळे आणि शासनाच्या प्रचारापुरती उरलेली कला लवकरच निर्जीव होते. परंतु ज्या कलांचा श्रोतृवर्ग रोजगारासाठी शहरांकडे गेला आणि ज्यांची धान्यरूप मिळकत बंद झाली, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय उरत नाही. जुन्या काळी नर्सी-औंढ्याच्या परिसरात कलावंताला ओळखणारे गाव हाच त्याचा आश्रयदाता होता. शासन आश्रयदाता झाल्यावर ती ओळख पटविण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली असून जिल्हा पातळीवर ती किती नेमकेपणाने पार पाडली जाते, यावर या साहाय्याचे यश अवलंबून आहे.